इंदूची एक्केचाळीस पानं

श्रीरंगराव वैरागड्यांनी जबलपूरजवळ खमरियाच्या कारखान्यात चौतीस वर्षं एकच काम केलं, आणि ते म्हणजे संशय घेणं. हुद्द्याला नाव एक्झामिनर होतं, पण काम तेच. माल आला की नमुना काढायचा, मोजायचा, ठोकून पाहायचा, आणि तिळाएवढी शंका आली तरी अख्खा लॉट बाजूला करायचा. दारूगोळ्याचा कारखाना तो. काडीपेटी, विडी, सगळं फाटकावर ठेवून, झडती देऊन आत जायचं. चौतीस वर्षं रोज झडती दिलेला माणूस घरी कसा वागणार, ते काय सांगायला पाहिजे? रिटायर होऊन रांझीत घर बांधलं, तरी कोथिंबिरीची जुडी घेताना हा गृहस्थ दोरा सोडून ती आतून पाहायचा. बायको हसायची. म्हणायची, अहो, कोथिंबीर आहे ती, फुटत नाही.

तर ती हसणारी बायको, इंदू, जाऊन आता सव्वा वर्ष झालं होतं. आणि दोन हजार तेराच्या त्या उन्हाळ्यात श्रीरंगरावांचा सगळा जीव घरातल्या एका जुन्या कॉम्प्युटरमध्ये अडकलेला होता.

कॉम्प्युटर आणला होता इंदूच्या हट्टानं. साठीला आलेली बाई, कमानिया गेटजवळच्या एका क्लासात महिनाभर जाऊन टायपिंग शिकली. येताना आठवणीनं खव्याची जलेबी आणायची, म्हणजे नवऱ्यानं कुरकुर करू नये. मराठी टाइप करायचं सॉफ्टवेअर दिलं अंबादासनं. अंबादास म्हणजे कारखान्यातला जुना सोबती, दुसऱ्याची सीडी उतरवून घेणं आणि ती गावभर वाटणं याला तो समाजसेवा समजायचा. सीडीवर स्केचपेननं नुसतं ‘मराठी’ लिहिलेलं. ते चाललं आणि इंदू बसली लिहायला. रोज दुपारी, जेवणं झाली की दोन ते चार. श्रीरंगराव पलीकडच्या खोलीत आडवे व्हायचे आणि कळा दाबल्याचा टकटक आवाज ऐकत पडायचे. पाणी प्यायला उठले तर तिच्या पाठीमागूनच जावं लागायचं. जाताना नजर भिंतीकडे. दुसऱ्याच्या शेडमध्ये डोकवायचं नाही, हे कारखान्यानं अंगात मुरवलेलं. मनात यायचं, विचारावं एकदा. पण तिचं ते तिचं, असं म्हणून परत जाऊन पडायचे.

मग ती गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. वर्षश्राद्ध होईपर्यंत त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. नंतर एका रविवारी, दुपारी दोन वाजता, घर अगदीच खायला उठलं तेव्हा लावला.

आत एक्केचाळीस फायली होत्या. नावं नव्हती, नुसते आकडे. एकेका फायलीत एकच पान, आणि त्यावर अक्षरं ही एवढी मोठाली, की पानभरात जेमतेम चौदा-पंधरा ओळी. मोतीबिंदूचं ऑपरेशन ती पुढे ढकलत होती, म्हणून एवढी मोठी ठेवली असणार, हे त्यांच्या लक्षात आलं आणि आपण तिला कधी हाताला धरून डॉक्टरकडे नेलं नाही याची टोचणी लागली. पहिल्या पानावर तिचं लहानपण होतं, नागपूरचं. छप्पन साली राज्यांची वाटणी झाली, हायकोर्ट नागपूरहून जबलपूरला आलं आणि कोर्टात कारकून असलेले तिचे वडीलही बिऱ्हाड घेऊन आले. इंदू तेव्हा सहा वर्षांची. हे सगळं श्रीरंगरावांना ठाऊक होतं. पण अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला तिनं निघताना आपल्या रिबिनीचा तुकडा बांधला होता, हे चाळीस वर्षांच्या संसारात कुठं ठाऊक होतं? ते वाचलं आणि त्यांना वाटलं, ही समोर बसून सांगून राहिली आहे, आणि नवीनच काही सांगून राहिली आहे.

तेव्हाच त्यांनी ठरवलं, एकदम वाचायचं नाही. एक रविवार, एक पान. संपलं म्हणजे संपलं, मग ती पुन्हा काही बोलणार नाही. दुसरा कुणी असता तर बसल्या बैठकीला एक्केचाळीसच्या एक्केचाळीस वाचून मोकळा झाला असता. हे पुरवून पुरवून वाचत होते. अकरा रविवार झाले, अकरा पानं झाली. तीस उरली होती, म्हणजे अजून सात-आठ महिने ती आहे, असा त्यांचा हिशेब.

आणि नेमका तेव्हा कॉम्प्युटर आजारी पडला.

निमित्त पुन्हा अंबादास. एकदा चहाला आला असताना त्यानं नेटवरून एक फुकटचं सफाईचं सॉफ्टवेअर घालून दिलं, मशीन हरणासारखी पळेल म्हणाला. ती पळाली नाही, बसली. पडद्यावर जाहिराती उगवायला लागल्या. भलभलत्या खिडक्या उघडायच्या, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तीनशे रोग आहेत म्हणून भोंगा वाजायचा. श्रीरंगराव स्कूटरवर मशीन बांधून राइट टाउनला एका दुकानात गेले. दुकानदारानं पाहिलं न पाहिलं केलं आणि सांगितलं, “फॉरमेट करना पड़ेगा, अंकल. सब साफ हो जाएगा.” सब साफ म्हणजे काय ते श्रीरंगरावांनी दोनदा विचारून घेतलं, आणि मशीन तशीच परत बांधून घरी आणली.

संध्याकाळी लेकीला फोन केला. जया रायपूरला एका कॉलेजात लायब्ररियन. तिच्या लायब्ररीचं सगळं काम फुकटच्या सॉफ्टवेअरवर चालायचं, त्यामुळे तिला त्यातलं बरंच कळत होतं. इंदूच्या पानांचं मात्र त्यांनी तिला सांगितलेलं नव्हतं. आईची काही कागदपत्रं आहेत, एवढंच म्हणाले. जयानं सांगितलं, बाबा, घाबरायचं काम नाही, आपण फोनवरच दुरुस्त करू. आधी आईच्या फायली दोन पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. मग बाकीचं.

त्यांनी दोन्हीवर उतरवल्या. एक देवघरात ठेवला, एक कपाटात इंदूच्या साड्यांखाली. आणि मग एक जाडं रजिस्टर काढून त्यावर रकाने आखले. माल, कुठून आला, कोणी तपासला, पास की रिजेक्ट, सही. पुढचे तीन आठवडे त्या घरात जे चाललं, ते कुठल्या सरकारी कारखान्यातही एवढ्या चोखपणे चालत नसेल.

जया काय घ्यायचं ते सांगायची, पण म्हातारा ते स्वतः तपासल्याशिवाय आत घ्यायचा नाही. पहिला नियम त्यांनी स्वतःच शोधून काढला, की माल ज्यानं बनवला त्याच्याच दारातून घ्यायचा. मधल्या दलालाच्या पानावर एकच सॉफ्टवेअर चार हिरव्या बटनांखाली ठेवलेलं असतं आणि त्यातली तीन बटनं खोटी असतात. फुकट देणारा काहून देऊन राहिला, हे ते प्रत्येक वेळी विचारायचे, आणि उत्तर सापडलं नाही तर रिजेक्ट. सॉफ्टवेअर घालताना मध्येच एखादी खूण आधीपासून केलेली असते, सोबत हेही घ्या म्हणून. ती खूण काढल्याशिवाय पुढचं बटन दाबायचं नाही. अँटीव्हायरस एकच. त्यांना वाटलं होतं दोन असले तर बरं, पण जया म्हणाली, एका फाटकावर दोन पहारेकरी ठेवले तर ते एकमेकांचीच झडती घेत बसतात. हे त्यांना लगेच पटलं. लिहिण्यासाठी लिब्रेऑफिस घेतलं, ते पास. गाणी ऐकायला एक, फोटो पाहायला एक. नव्या पद्धतीनं मराठी टाइप करायचा कीबोर्ड, तोही पास. अंबादासची सफाई मुळासकट उपटली. जाहिराती थांबल्या. मशीन शहाण्यासारखी वागायला लागली, आणि श्रीरंगरावांच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी जरा रंग आला.

या गडबडीत तीन रविवार वाचन झालं नव्हतं. मशीन धड झाल्याशिवाय पानं उघडायची नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. बारावं पान चौथ्या रविवारी वाचायचं, म्हणून शनिवारी त्यांनी शेवटची तपासणी लावली.

अँटीव्हायरसनं लाल खूण दाखवली. ती होती अंबादासच्या ‘मराठी’वर. चोरून उतरवलेल्या त्या सॉफ्टवेअरचं कुलूप उघडण्यासाठी जो तुकडा घातलेला होता, त्यातच कीड होती. इतकी वर्षं घरात. असं काही निघालं तर ते अँटीव्हायरसच्या वेगळ्या कोठडीत, क्वारंटाइनमध्ये, टाकून ठेवा आणि मला विचारा, हे जयानं चारदा बजावलेलं. पण कारखान्यातला नियम निराळा होता. रिजेक्ट झालेला माल शेडमध्ये रात्रभर ठेवायचा नाही. त्याच दिवशी नष्ट करायचा, दोन माणसांसमोर, दोघांच्या सह्यांनी. चौतीस वर्षांत त्यांनी हा नियम एकदाही मोडला नव्हता, तो आता मोडतील होय? अंबादासला बोलावून घेतलं. तो बिचारा ओशाळून बसला. श्रीरंगरावांनी ते सॉफ्टवेअर मुळापासून काढून टाकलं, कोठडी रिकामी केली, सीडीचे कात्रीनं चार तुकडे केले. रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘नष्ट केले’. खाली दोघांच्या सह्या. मराठीसाठी आता नवा कीबोर्ड होताच की, मराठी ती मराठी, असा त्यांचा सरळ विचार.

रविवारी दुपारी दोन वाजता त्यांनी चष्मा पुसला आणि बाराव्या आकड्यावर टिचकी मारली.

पान उघडलं. त्यावर इंग्रजी अक्षरं होती. मोठमोठाली, इंदूच्याच मापाची, पण इंग्रजी, मध्ये कंस, टिंबं, डॉलर-पौंडांची चिन्हं, कशाचा कशाला पत्ता नाही. त्यांनी अकरावं उघडलं. दहावं उघडलं. पहिलं उघडलं, रिबिनीचं. सगळीकडे तोच चिखल. देवघरातला पेनड्राइव्ह आणला, साड्यांखालचा आणला. दोन्हीकडे तेच.

त्यांनी जयाला फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग समजावून सांगितलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असायची, वरून त्यांना मराठी अक्षरांचा फॉन्ट घातलेला असायचा. तो फॉन्ट त्या सॉफ्टवेअरबरोबरच गेला. फायली शाबूत आहेत, वाचायचं साधन गेलं. कोठडीत ठेवलं असतं तर परत काढता आलं असतं.

“काय होतं बाबा त्यात?” तिनं विचारलं.

“तुझी आई होती,” श्रीरंगराव म्हणाले, आणि मग त्यांनी तिला सगळं सांगितलं.

पुढचे रविवार कसे गेले, ते त्यांचं त्यांना माहीत. दोन वाजले की उठून बसायचे. कॉम्प्युटर लावायचे, बारावं उघडायचे आणि त्या अक्षरांकडे पाहत राहायचे. कुठं तरी एखादा शब्द लागेल म्हणून. नाही लागायचा. कधी पडल्या पडल्या कळांचा आवाज आल्यासारखं वाटायचं, तर ती शेजारची शिवणाची मशीन असायची. वाचलेली अकरा पानं मात्र ते पाठ म्हणायचे, अंघोळीला जाताना, भाजी चिरताना. अकरावं तर अगदी कान्यामात्रेसह पाठ होतं, ते नागपूरहून निघालेल्या गाडीचं, इटारशीच्या फलाटावर तिची पाटी फुटली त्याचं. पण पाठ असलेलं म्हणणं म्हणजे आपलाच आवाज ऐकणं. त्यांना तिचा हवा होता. ती अजून तीस पानं बोलणार होती आणि आपण आपल्या हातानं, सही करून, तिचं तोंड बंद केलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

अंबादासचंही काळीज खात होतं. तो एका दुपारी आला आणि म्हणाला, फॉन्टचं नाव फायलीत दिसून राहिलं ना, मग नेटवर ढीगभर मिळतो. आणि खरंच मिळत होता. पान उघडलं, चार हिरवी बटनं. खाली बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. अंबादास म्हणाला, दाबा, काय होतं? श्रीरंगरावांनी माउस धरला. एक टिचकी, आणि इंदू परत बोलायला लागेल. रजिस्टर उघडंच पडलं होतं, ते त्यांनी मिटून ठेवलं, नियम दिसू नयेत म्हणून. पण पेनड्राइव्ह दोन्ही मशीनला लावलेले होते, तिची सगळी पानं तिथंच होती, आणि बटनामागून काय येईल ते सांगता येत नव्हतं. तिला पुन्हा धोक्यात घालायचं? त्यांनी माउस सोडला, मशीन बंद केली आणि तिथंच अंबादाससमोर लहान पोरासारखे रडले. अंबादासनं पाण्याचा पेला आणून दिला.

जया तिकडं शोधतच होती. पानं बंद पडल्यापासून पाचव्या रविवारी सकाळी तिचा फोन आला. भोपाळच्या कुणा रिटायर्ड मास्तरांनी एक छोटंसं सॉफ्टवेअर बनवून फुकट ठेवलं होतं, जुन्या फॉन्टमधलं लिखाण नव्या मराठीत बदलणारं. मास्तरांचं नाव होतं, पत्ता होता, फोन होता. आणि आतला सगळा कोड उघडा, कुणीही वाचून पाहावा असा. जयानं तो कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या दोघांना दाखवून घेतला होता. श्रीरंगरावांना कारखान्यातल्या ट्रेनिंगच्या खोलीतला तोफगोळा आठवला, शिकणाऱ्यांना आतलं दिसावं म्हणून मधोमध कापून ठेवलेला. त्यावर त्यांचा नेहमी विश्वास असायचा. तरी त्यांनी मास्तरांना फोन केलाच आणि विचारलं, तुम्ही हे फुकट काहून देऊन राहिले? मास्तर हसले. म्हणाले, माझ्या वडिलांनी टाइप केलेली वही अशीच जुन्या फॉन्टमध्ये अडकली होती, ती काढायला बनवलं. मग ते दुसऱ्यांना दिलं तर माझं काय कमी होतं?

रजिस्टरमध्ये नोंद झाली. सॉफ्टवेअर उतरवून घेतल्यावर त्यांनी नेटची वायर उपटली. मग नमुना. बारावं नाही, आधी अकरावं, पाठ असलेलं. वरच्या चौकटीत तो इंग्रजी चिखल टाकला, बटन दाबलं, आणि खालच्या चौकटीत अक्षरं आली. ते मोठ्यानं वाचत गेले, एका हातानं ओळीखाली बोट धरून. इटारशी आली. फलाट आला. पाटी फुटली. दोन ठिकाणी जोडाक्षरं विस्कटली होती, बाकी शब्दनशब्द जागेवर. त्यांनी रजिस्टरमध्ये ‘पास’ लिहिलं. सही वाकडी आली.

तोवर दोन वाजले होते. त्यांनी बारावं टाकलं.

‘आज तीन वाजता हे पाणी प्यायला उठले. माझ्या मागून गेले. मी मुद्दाम हात थांबवला. म्हटलं आता विचारतील, काय लिहून राहिली. नाही विचारलं. भिंतीकडे पाहत गेले आणि परत जाऊन पडले. कारखान्यात दुसऱ्याच्या शेडमध्ये डोकवायचं नसतं, ते मला माहीत आहे. पण हे घर आहे ना. मी पडदा कधी झाकला नाही. जया म्हणते, आई, एवढी मोठी अक्षरं कशाला, डोळे दाखवून घे. डोळ्यांना काय धाड भरली आहे. अक्षरं मोठी ठेवते ती यांना मागून जाता जाता दिसावी म्हणून. यांनी एकदा विचारलं तर मी सगळं वाचून दाखवीन. उद्या बघू.’

पान तेवढंच होतं. श्रीरंगरावांनी ते तीनदा वाचलं. खाली तारीख होती. म्हणजे त्यानंतर ती वर्ष-दीड वर्ष रोज तिथं बसत होती, आणि रोज ते मागून जात होते. एकोणतीस पानं अजून होती.

बदललेली अक्षरं बारीक आली होती. त्यांनी ती लिब्रेऑफिसमध्ये नेली आणि मोठी केली, आणखी मोठी केली, तिच्या मापाची होईपर्यंत. मग उठले, स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले, आणि परत येताना खुर्चीच्या मागे थांबले. भिंतीकडे पाहिलं नाही. तिथून, चष्मा न लावता, सगळं स्वच्छ दिसत होतं.

ते खुर्चीत बसले. नवा मराठी कीबोर्ड त्यांनी पास केला होता, वापरला कधी नव्हता. एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिहिलं, ‘काय लिहून राहिली, इंदू?’ आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.